आखाजीनंतरचं ताट

चुडामण नानांना भाकरी थापता येत नाही, हे छत्रावरच्या सगळ्या बायकांनी एकमताने ठरवून टाकलं होतं. कांदा चिरायला बसवलं तर कांदा हातात घ्यायच्या आधीच ते रडायचे, आणि पळी हातात दिली तर पहिल्या वीस माणसांतच भाजीचं पातेलं तळाला जायचं. शेवटी योगेंद्रभाऊंनी त्यांना एक काम कायमचं नेमून दिलं. शेडच्या मागे कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात भरिताची वांगी भाजायची, सोलायची आणि लाकडी बडगीत घालून ठेचायची. या कामात बिघडवण्यासारखं फारसं नव्हतं, आणि जे होतं ते नानांनी पहिल्या महिन्यातच बिघडवून घेतलं होतं.

छत्र म्हणजे जळगावातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या भिंतीला लागून असलेली पत्र्याची शेड. आत ज्यांचं माणूस खाटेवर पडलंय, त्यांच्यासाठी तिथे दोन वेळचं जेवण मिळायचं. योगेंद्रभाऊंचा मंडपाचा धंदा, त्यामुळे मोठी पातेली आणि सतरंज्या घरच्याच होत्या. नियम दोनच. जेवण फुकट, पण जेवला त्याने उठल्यावर एक काम करून जायचं. कोणी ताटं धुवायचं, कोणी पाणी भरायचं, आणि मग वाढणारा कोण आणि जेवणारा कोण हे ओळखू यायचं नाही. दुसरा नियम असा, की कोणाच्या माणसाची चौकशी करायची नाही, आणि जो यायचा बंद झाला त्याचीही नाही. सुरुवातीला एकदा कोणीतरी पंगतीत एकाला सहज विचारलं होतं, "आईचं कसं आहे?" तो माणूस हातातल्या घासासकट जो कोसळला, तो चार जणांनी धरला तरी आवरेना. तेव्हापासून योगेंद्रभाऊंनी तोंडाला कुलूप लावायला सांगितलं होतं. आला तर वाढा, नाही आला तर समजून घ्या.

समजून काय घ्यायचं, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. माणूस बरं होऊन घरी गेलं असंही समजता येतं. नानांनी त्यांच्या जोडीने काम करणाऱ्या अमिनाबीबद्दल तेच समजून घेतलं होतं.

नाना रावेरकडचे, केळीवाले. साठी उलटलेली, अंगाने धिप्पाड, घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळायची सवय. बायको यशोदाबाई. तिला पावसाळ्यात घशाखाली गाठ झाली, आणि पोळा होईपर्यंत साधं पाणीही उतरेनासं झालं. दवाखान्यात नाकातून नळी घातली. त्या नळीतून पातळ पातळ काहीतरी आत जायचं आणि जीव टिकून राहायचा. पण जेवण ते जेवण, आणि नळी ती नळी. ज्या बाईने चाळीस वर्षं खंडीभर माणसांना पुरणपोळ्या वाढल्या, तिच्या जिभेला आता मिठाचा खडासुद्धा लागत नव्हता.

नाना छत्रावर जेवून वर गेले की ती हाताने खूण करून जवळ बोलवायची आणि घोगऱ्या आवाजात विचारायची, "काय जेवले आज तुमी?"

नाना सांगायचे, "काही नई. खिचडी व्हती. अळणी."

ती उपाशी असताना आपण चांगलं जेवलो हे सांगायला त्यांची जीभ रेटायची नाही. मग ती त्यांचा उजवा हात ओढून नाकाशी न्यायची. नाकात नळी, तरी तिचं नाक मोठं तिखट. बोटं हुंगून ती म्हणायची, "खोटं काब्रं बोलतात? भरीत व्हतं. लसणाची पात बी व्हती." आणि नाना चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे खाली बघायचे.

सगळ्यांनी हेच चालवलं होतं. मुलगा चंदन, सून कामिनी भेटायला यायचे ते बाहेर जेवून, तोंड धुऊन, बडीशेप खाऊन. तिच्यासमोर कोणी चहाचा घोटसुद्धा घ्यायचं नाही. दया करणाऱ्यांनी तिला दुहेरी उपाशी ठेवलं होतं.

हे एकटीला कळलं ते अमिनाबीला. ती पारोळ्याची. नवरा रमजानभाई पिंजारी, आयुष्यभर लोकांच्या गाद्या भरल्या आणि कापसाची धूळ छातीत साठवली. आता व्हरांड्यापलीकडच्या पुरुषांच्या खोलीत तो श्वासासाठी झटत होता. छत्रावर ती आणि नाना जोडीने कामाला असायचे. नाना ठेचायचे, ती वरून कोथिंबीर टाकायची आणि म्हणायची, "नाना, वांगं शे ते, दुश्मन नही. हळू ठेचा." एकदा नानांना औषध आणायला जायचं होतं म्हणून ती यशोदाबाईपाशी बसायला गेली. घाईत तिची जेवायची थाळी हातातच राहिली होती. ती लपवायला गेली, तर यशोदाबाईने तिचा पदर धरला.

"लपवू नको. आठी बस. खाय. मी पाहते."

नाना औषध घेऊन आले तेव्हा त्यांनी दारातून जे पाहिलं, ते त्यांना कधी विसरता आलं नाही. अमिनाबी मांडी घालून खाटेजवळ बसली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडत होती, भरिताचा घास करत होती, आणि सावकाश, पंगतीत पाहुणी जेवते तशी, चवीने खात होती. आणि यशोदाबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. घास चावला की हिचाही गाल हलायचा, गिळला की हिचा घसा हलायचा. शेवटी अमिनाबी पाणी प्यायली तेव्हा यशोदाबाईने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. कित्येक आठवड्यांनी ती जेवल्यासारखी दिसत होती.

मग ते रोजचंच झालं. दुपारी अमिनाबी थाळी घेऊन वर यायची. काय शिजलं, मीठ कमी पडलं का, भजी कुरकुरीत झाली का, सगळं खाता खाता सांगायची. नानांना तसं जमलं नाही. आपल्या बायकोसमोर घास घ्यायला बसले की तो तोंडातच फिरत राहायचा.

थंडी पडली आणि यशोदाबाईचं बोलणं कुजबुजीवर आलं. एका सकाळी तिने नानांना कान तोंडाजवळ आणायला लावला.

"आखाजीले माह्या नावाचं ताट कराल ना?"

"काही बोलू नको."

"करालच. तवा अमिनाबीले बसवा. तिच्या तोंडानं जेवले मी. तिच्याच तोंडानं जेवीन."

त्यांच्याकडे रीतच तशी. वर्षभरात घरातलं माणूस गेलं असेल, तर पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाने घागर भरायची, चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकून आगारी द्यायची, आणि गेलेल्याच्या जागी कोणालातरी पाटावर बसवून आमरस-पुरणपोळीचं पोटभर जेवण घालायचं. त्या दिवसापुरतं ते माणूस म्हणजे गेलेलं माणूस. ते जेवलं की आपलं माणूस जेवलं. नानांनी मान हलवली. त्यानंतर दोन दिवसांनी यशोदाबाई गेली.

गावी दहावं-तेरावं उरकून नाना पुन्हा छत्रावर आले. घरच्यांना नवल वाटलं. बायको होती तोवर ठीक, आता त्या दवाखान्याचं तोंड कशाला बघायचं? थोरले भाऊ छगन आबा तर म्हणाले, "चुडामण, तुह्या घरी केळीचे घड सडून राह्यले न् तू जळगावले वांगे ठेचतो." घरात कामिनी मनापासून वाढायची, पण वाढून झालं की तिचं काम संपायचं. जेवून उठल्यावर काय जेवले, असं कोणी विचारत नव्हतं. हात धुवून ते ओसरीवर बसायचे आणि उजवा हात मांडीवर तसाच पडून राहायचा. तो हात ओढून घेणारं आता या जगात कोणी नव्हतं. या एका गोष्टीची त्यांना इतकी ओढ लागे, की कधी कधी ते स्वतःच बोटं हुंगून बघायचे. मग उठून एस.टी. धरायचे आणि आठवड्याचे तीन-चार दिवस छत्रावर काढायचे. जिथे तो प्रश्न सुरू व्हायचा, ती जागा निदान तिथे होती.

आणि तिथे अमिनाबी भेटेल असंही वाटलं होतं. ती दिसली नाही. नियम म्हणजे नियम, नानांनी विचारलं नाही. रमजानभाई शेवटी शेवटी उशीला टेकून बसू लागले होते, एकदा तर नानांना म्हणाले होते, "नाना, बरा झालो तं तुमची गादी नवी भरून देईन." तेव्हा बरे होऊन घरी गेले असणार. देवाने एकाचं तरी ऐकलं, असं म्हणून नाना बडगीत मुसळ हाणायचे. तरी शेडच्या तोंडाशी एखादी ओढणी दिसली की त्यांची मान वर व्हायचीच.

आखाजी आठवड्यावर आली तसा नानांनी विषय घरी काढला. छगन आबांना ऐकूनच ठसका लागला.

"मुसलमानाची बाई? आपल्या पाटावर?"

"यशोदानं सांगून ठेवलंय."

मेलेल्या माणसाच्या शब्दापुढे आबांचं काही चालेना. भाऊबंदांत दोन दिवस कुजबूज झाली आणि शेवटी आबांनी अट घातली. "ठीक हाये. पण यशोदा सवाशीण गेली. तिच्या जागी बसनारी सवाशीणच पाह्यजे. चोळीबांगडी करून, रीतीनं बोलावून आन. एवढं तं पाळ."

नानांना वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. सवाशीण तर ती आहेच. त्यांनी यशोदाबाईच्या पेटीतली एक बांगडी मापाला खिशात घातली, जळगावच्या बाजारात त्याच मापाच्या हिरव्या काचेच्या बांगड्या घेतल्या, खण घेतला, आणि धुळ्याच्या गाडीत बसून पारोळ्याला उतरले. किल्ल्याच्या खंदकाजवळ पिंजाऱ्याचं दुकान, कोणालाही विचारा, असं रमजानभाईंनीच कधी सांगितलं होतं. दुकान बंद होतं. फळीच्या फटीतून आत भिंतीला टांगलेली पिंजण दिसत होती. शेजारच्या दाराची कडी नानांनी वाजवली. एका तरुण बाईने दार उघडलं. ती तबस्सुम, अमिनाबीची सून.

"अम्मी, जळगाववाले नाना आये," तिने आत सांगितलं, आणि अमिनाबी पांढरी ओढणी सारखी करत बाहेर आली. वाळली होती. पण नानांना पाहून तिचा चेहरा असा उजळला, की नानांना बाकी काही दिसलंच नाही.

नाना मुळात कमी बोलणारे. पण अख्ख्या वाटेत त्यांनी आमंत्रण घोकलं होतं, ते त्यांच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. यशोदाने काय सांगितलं, आखाजीचं ताट कसं असतं, गाडी कितीला सुटते. "न् रमजानभाईलेबी आना बरं. यंदा आंबा मोप उतरलाय. मले गादी भरून देनार व्हते ते, म्हना आधी आमरस खा." असं म्हणत त्यांनी पिशवीतला कागदाचा पुडा काढून तिच्यापुढे ठेवला. कागद सुटला आणि हिरव्या बांगड्या चटईवर पसरल्या.

तबस्सुमच्या तोंडातून बारीक आवाज निघाला आणि ती आत निघून गेली.

अमिनाबी बांगड्यांकडे बघत राहिली. मग शांतपणे उठली, माठातलं पाणी स्वतः भरून आणलं आणि नानांच्या हातात दिलं. "आधी पानी पी ल्या, नाना. उनमा उनात तुम्ही."

नानांनी पेला रिकामा केला. तो त्यांच्या हातातून काढून घेतल्यावर ती म्हणाली, "रमजानमियाँ ग्यात, नाना. तुम्ही यशोदाबाईले गावले लई ग्यात, तेना आठ दिनमाच."

नानांना आत्ता तिचे मोकळे हात दिसले. इतका वेळ समोर होते. हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात, आणि या शहाण्याला काकणं नसलेला हात दिसला नव्हता. ते बांगड्या गोळा करू लागले, तर काच एकमेकांवर वाजायला लागली. तो आवाज त्यांना सहन होईना.

"मले माहीत नव्हतं, अमिनाबी. मले कोनी सांगितलं नई."

"छत्रवर कोन्ही इचारं नही?"

"तठी इचारत नई ना. नियम हाये."

"माले माहीत शे. मी बी कधी कोन्हाले इचारं नही." तिने हातातला पेला खाली ठेवला. "पन नवरा ग्यावरनी इद्दत, इतला महिना घरमाच बठेल व्हतू, नाना. बाहेर जाता येये ना. रोज वाट देखू. म्हनू, समदा नही तं नही, एखादं मानूस यी छत्रवरनं. नाना तं येतीनच. इचारतीन, रमजानमियाँ कसा शेतस."

चूक झाली की माणूस सबब शोधतो. नानांनी शोधली नाही. सगळा हिवाळा ते शेडच्या तोंडाशी तिची वाट बघत होते, आणि ती इथे दाराशी त्यांची. मधे फक्त एका एस.टी.चं अंतर होतं. ते दोन्ही हात जोडून बसून राहिले.

बांगड्या अमिनाबीनेच गोळा केल्या. एकेक उचलून कागदात नीट बांधली. "पाटवर मी नही बसू, नाना. इद्दत तं परवाच सरनी, येता ये. पन तुम्हना भाऊबंदले सवाशीन पायजे, ती मी आते नही. आनि आगारीना घास माले चालाव नही, ते बी खरं शे. यशोदाबाई मन्ही बहीन व्हती. तिन्हा नावनं खोटं बसनं बरं नही." पुडा तिने त्यांच्या पिशवीत ठेवला. निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आखाजीना दुसरा दिन मी छत्रवर येसू. रमजानमियाँना नावनं एक दिन काम करसू. तठे भेटूत."

आखाजीला पाटावर गावातल्या सुनंदाबाई बसल्या. नात्यातल्या, सवाशीण, रीतीत कुठे बोट ठेवायला जागा नाही. बांगड्या त्यांना दोन बोटं मोठ्या झाल्या. कामिनीने सकाळपासून खपून खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या, आमरसाचं पातेलं भरलं होतं. घागर भरली, आगारी दिली, धूर वर गेला. सुनंदाबाईंना साखरेचं दुखणं. त्यांनी रसात बोट बुडवून जिभेला लावलं, पोळीचा कोपरा मोडला, आणि कढी मात्र दोनदा मागून घेतली. नाना समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या बिचाऱ्या संकोचल्या आणि पदराआड खाऊ लागल्या.

"पोट भरलं का, माय?" नानांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"भरलं बाप्पा. घर भरेल राहो. आता उठू द्या, मले गोळी घ्यायची हाये."

छगन आबा म्हणाले, "झालं. यशोदा तृप्त झाली." सगळ्यांनी हात जोडले. नानांनीही जोडले, पण त्यांच्या मनात एकच होतं. माझी यशोदा उपाशी उठली. आयुष्यभर लोकांना वाढून शेवटी नळीवर गेली, आणि मेल्यावरही तिच्या ताटातला रस तसाच राहिला. त्या संध्याकाळी त्यांनी मळ्यात जाऊन शेजाऱ्याच्या वाफ्यातली उरलीसुरली वांगी तोडली. उन्हाळी वांगी, बियांनी भरलेली, भरिताच्या कामाची नव्हेत असं कोणीही सांगितलं असतं. नानांनी पिशवी भरून घेतली.

दुसऱ्या दिवशी छत्रावर गर्दी होती. सणाला घरी न जाऊ शकलेली माणसं गुपचूप येऊन बसत होती. नानांनी शेडमागे जाळ केला. वांगी फिरवून फिरवून भाजली, एकही करपू दिलं नाही, आणि सोलल्यावर एकेका वांग्यातल्या बिया चाकूच्या टोकाने बाजूला काढत बसले. योगेंद्रभाऊ दोनदा डोकावून गेले. "नाना, पंगत बसली." नाना मान वर करीनात. बडगीत घालून त्यांनी हळू ठेचलं, वांगं आहे, दुश्मन नाही, असं मनाशी म्हणत. लसूण, मिरची, कांद्याची पात. भाकरी बायकांनी थापल्या होत्या.

अमिनाबी सकाळीच आली होती. आल्या आल्या कांदे घेऊन बसली, मग पीठ मळलं, मग पाणी वाढलं. कोणी तिला काही विचारलं नाही. तिचं काम आटोपल्यावर शेवटच्या पंगतीत ती भिंतीकडच्या टोकाला बसली. नानांनी स्वतः ताट आणलं. पाट नव्हता, रांगोळी नव्हती, आगारी नव्हती. फरशीवरची सतरंजी, स्टीलचं ताट, त्यात कळण्याची भाकरी आणि भरीत.

अमिनाबीने ताटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिने बिस्मिल्ला केलं आणि भाकरी मोडली. घास केला. पाहुणी जेवते तशी सावकाश, चवीने, एकेक घास चावत ती जेवू लागली. नाना समोर उकिडवे बसले होते. तिसऱ्या की चौथ्या घासाला तिचे डोळे भरून आले, पण ती थांबली नाही. नानांनी आणखी भरीत वाढलं, तेही तिने घेतलं. ताट भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घेतलं, पाणी प्यायली आणि मोठा श्वास सोडला. तो श्वास नानांच्या ओळखीचा होता.

कालचाच प्रश्न नानांनी पुन्हा विचारला. "पोट भरलं का?"

"भरनं, नाना," ती म्हणाली. मग ओढणीने हात पुसत तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, सदरा खांद्यावरून ओघळलेला. दवाखान्यात खाटेजवळ बसून जो प्रश्न तिने रोज ऐकला होता, तो तिने विचारला. "तुम्ही आज काय जेवनात?"

नाना आठवू लागले. सकाळी कामिनीने काहीतरी बांधून दिलं होतं. ते खाल्लं की पिशवीतच राहिलं? काल काय होतं? परवा? एवढे महिने ते दोन वेळा ताटावर बसत होते, आणि आता त्यातला एक घास आठवेना. त्यांनी उजवा हात पुढे केला, जसा कोणाच्या तरी नाकाशी न्यायचा असावा, आणि मधेच तो तसाच धरून ठेवला.

"काही नई जेवलो, अमिनाबी," ते म्हणाले, आणि एवढा धिप्पाड माणूस पंगतीत सगळ्यांसमोर रडू लागला. "तवापासून काहीच नई जेवलो मी."

पंगतीतली माणसं घास हातात धरून थांबली. योगेंद्रभाऊ पळी घेऊन लगबगीने आले, पण अमिनाबीने त्यांना हाताने थांबवलं. ती सतरंजीवर जरा सरकली, आपल्या शेजारी जागा केली आणि त्या जागेवर हात थोपटला.

"मंग आठे बठा. खा. मी देखस."

नाना बसले. योगेंद्रभाऊंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि बडगीच्या तळाशी राहिलेलं भरीत खरवडून वाढलं.